मैदान, कविता आणि आपली मुले

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आयर्लंडमध्ये येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. अकरा-बारा वर्षांची मुले मैदानावर तासन्‌तास रमतात. पण पुस्तक हाती दिले की दहा मिनिटांत कंटाळतात. मराठी पुस्तकाचे तर नावच नको. घरात बोलली जाणारी मराठी त्यांना समजते. परंतु देवनागरीची भरगच्च पाने पाहिली की ती दबून जातात. या प्रश्नाच्या संदर्भात एका वाङ्मयप्रकाराचा परिचय करून देण्याची अनुमती घेतो.

हा प्रकार म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली, खेळावरील काव्यकादंबरी. तिच्यात पात्रे असतात, कथानक असते. मात्र सारी कथा लहान लहान कवितांतून उलगडते. ओळी आखूड, भोवती मोकळी जागा. सावकाश वाचणारे मूलही पान संपवते आणि त्या समाधानाच्या बळावर पुढचे उलटते. खेळाशी या रचनेचे नाते स्वाभाविक आहे. धाव, झेप, क्षणभराचा थांबा आणि पुन्हा धाव ही लय, ओळ कोठे तोडायची एवढ्यावरून कवी साधू शकतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवी क्वामे अलेक्झांडर यांची, बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांवरील 'द क्रॉसओव्हर' ही काव्यकादंबरी २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि २०१५ साली तिला न्यूबेरी पदक मिळाले.

आपण राहतो त्या देशाशी नाते सांगणारे उदाहरण सारा क्रॉसन यांचे. २०१८ ते २०२० या काळात आयर्लंडच्या बालसाहित्याचा 'लॉरिएट ना नोग' हा सन्मान त्यांच्याकडे होता. २०१२ साली आलेल्या त्यांच्या 'द वेट ऑफ वॉटर' या काव्यकादंबरीची नायिका कासिएन्का पोलंडहून आईसोबत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात येते. घर सोडून गेलेल्या वडिलांचा शोध घ्यायचा असतो. इंग्रजी कच्चे म्हणून शाळेत तिला वयाने लहान मुलांच्या वर्गात बसवतात; काही मुली तिला एकटे पाडतात. पोहण्याच्या तलावात मात्र ती मोकळी होते. पाण्यात तिचे उच्चार कोणी तपासत नाही.

परमुलखात नव्याने शाळेत जाणारे मूल आपल्या घरोघरी आहे, म्हणून हे पुस्तक आपले वाटते. आणखीही एक कारण आहे. 'पाण्याचे वजन' हे शब्द आपल्या कानी पडले की २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे डोळ्यांपुढे उभे राहते. कासिएन्काचे दुःख आणि आपल्या पूर्वजांवरील अन्याय एका मापाने मोजता येणार नाहीत. तरीही हे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला महाडचा अर्थ समजावून सांगण्यास याहून सोपी वाट कोणती?

बंधू-भगिनींनो, पद्यातून कथा सांगणे आपल्याला परके नाही. ज्यांच्या हाती शतकानुशतके पुस्तक पडू दिले नाही, त्या समाजापर्यंत बाबासाहेबांचा विचार आंबेडकरी जलशांनी पोहोचवला. वामनदादा कर्डक यांची गीते अक्षरओळख नसलेल्या आयांनीही पाठ केली. ज्यांना लिपी नाकारली होती, त्यांना कवितेने इतिहास दिला. आज लिपीपासून दुरावत चाललेल्या आपल्या मुलांनाही तो कवितेनेच देता येईल.

त्यासाठी नायक शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळू पालवणकरांनी पुण्यात क्रिकेटच्या मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीपासून सुरुवात केली. इंग्रज खेळाडूंना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते असामान्य डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली कर्णधारपदाच्याच प्रश्नावर विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे बंधू संघाबाहेर पडले आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. विठ्ठलरावांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. सहा चेंडूंचे एक षटक, सहा छोटी कडवी: काव्यकादंबरीची मांडणी जणू तयारच आहे.

या कथेत एक अवघड पान आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू पालवणकर काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. मुलांसाठी लिहिताना हे पान गाळावे, असे काहींना वाटेल. माझ्या मते ते गाळू नये. ज्यांच्या पराक्रमाने अस्पृश्य समाजाची मान उंचावली, त्यांचा मार्ग पुढे बाबासाहेबांच्या मार्गापासून वेगळा झाला. ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाला कळू शकते. आदर आणि मतभेद दोन्ही एका मनात राहू शकतात, हेही कळू शकते. त्याच पानावर, मैदानावरील बळींनी चहाचा पेला बदलत नाही, त्यासाठी हक्कांचा लढा लागतो, हे आपण सांगू शकतो. हे पान गाळले तर मुलांच्या हाती केवळ चषकांची यादी उरेल.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या वर्षात प्रत्येक घरातील मुलाने बाळूंच्या जीवनातील एक प्रसंग निवडून एक पान लिहावे. आठ-दहा ओळी पुरेत. मराठी अडखळली तर आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी शेजारी बसावे. शब्द सुचवावा, ओळ मात्र मुलाची राहू द्यावी. हर्लिंग खेळणाऱ्या मुलीला आपल्या खेळातील उपमा आणावीशी वाटली, तर तिला अडवू नये. ती पाने क्रमाने लावून पुढील स्मरणिकेत छापावीत. त्यात वृत्त चुकेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. पण मातीच्या भांड्यातील त्या चहाविषयी आपल्या मुलाने स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिलेल्या चार ओळी, हा आपला वारसा पुढे गेल्याचा पुरावा ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!