पलटणीचा फोटो



कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर एक लांबट, पिवळा पडलेला फोटो असतो. गणवेशातल्या माणसांच्या रांगा. घरातलं कुणीतरी काचेवर बोट टेकवून सांगतं, "हे आमचं आबा. बर्माच्या लढाईतलं." आमच्याकडेही चुलत आजोबांचा असा फोटो आहे, आणि त्यांच्याविषयी 'बर्मा' एवढंच ठाऊक होतं.

अशा फोटोत आपण आधी आपला माणूस शोधतो. मी म्हणेन, त्याला जरा थांबवा आणि खुर्च्यांकडे बघा. मध्ये गोरे साहेब, बाजूला सुभेदार-जमादार, मागं हवालदार-नाईक उभे, आणि शिपाई बहुतेक कडेला नाहीतर पुढं जमिनीवर मांडी घालून. खाली इंग्रजीत नावं असलीच तर ती बहुधा खुर्चीवाल्यांची. राग येतो, पण तीच नावं कामाला येतात. साहेबावरून बटालियन कळते, आणि बटालियन कळली की लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिची युद्ध-दैनंदिनी शोधता येते. आपल्या आबापर्यंतची वाट साहेबाच्या खुर्चीखालून जाते!

मग टोपीवरचं चिन्ह. बिगुल दिसला तर बहुधा मराठा लाइट इन्फन्ट्री. पण कोल्हापूर संस्थानाची स्वतःची फौजही होती, राजाराम रायफल्स. स्वातंत्र्यानंतर ती १९ मराठा झाली. घरोघरी या दोन्हींची सरमिसळ झालेली असते.

आमच्या फोटोतल्या कपड्यांनी मात्र घोटाळाच केला. जाड लोकरीचे, कमरेपर्यंतचे आखूड अंगरखे! बर्माच्या जंगलात, पावसात, लोकर कोण घालील? हा युरोपातला हिवाळा. १९४३ पासून मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मग आमच्या घरात बर्मा आला कुठून? माझा अंदाज असा, की गावाच्या लेखी समुद्रापलीकडची लढाई म्हणजे बर्माच. पंचगंगेकाठच्या पारावर सेनिओ कुणाला सांगायची?

खरं तर उत्तर ट्रंकेतल्या डबीतच पडलं होतं. सहा टोकांचा एक तारा, त्यावर इंग्रजीत इटलीचं नाव. घरात कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून राहिलं. हे तारे इंग्रज शिपायांना कोरे मिळाले. आपल्या शिपायांच्या ताऱ्यामागे मात्र नंबर आणि नाव उमटवलेलं असे. पहिल्या महायुद्धातलं पदक चांदीचं, ते कैक घरांनी मोडून खाल्लं. हा तारा तांबं-जस्ताचा, सोनार घेईना, म्हणून उरला.

तो नंबर जपा. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करताना त्याच्याइतका उपयोग कशाचाच नाही. नुसतं 'पाटील, तालुका करवीर' म्हणून काय सापडणार? जो परत आला नाही, त्याचं नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत बघा. तिथं बऱ्याचदा वडलांचं, बायकोचं आणि गावाचंही नाव असतं. गाव शोधताना मात्र 'कोल्हापूर संस्थान' असंही बघा, कारण संस्थान विलीन झालं ते १९४९ साली. आणि फोटो चौकटीतून काढताना मागचा पुठ्ठा ओढून फाडू नका, स्टुडिओचा शिक्का असला तर तिथंच असतो.