शिवराईचा दर्जा आणि भाव

नाण्याचा दर्जा म्हणजे मुख्यतः त्याची झीज किती झाली, याचा अंदाज. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी 1949 साली त्यासाठी 1 ते 70 गुणांची पट्टी मांडली. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना ती चपखल बसते. शिवराईला मात्र बसत नाही.

मुरगूड, कागलसह कोल्हापूरच्या मुलखात चाललेला हा तांब्याचा पैसा हाताने ठोकलेला. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडचे ‘छत्रपति’ क्वचितच पुरते उमटते. अजिबात न झिजलेली शिवराईही अर्धवट असू शकते. म्हणून जाणकार आधी अक्षरे किती आली ते पाहतात, मग झीज आणि वजन.

दुर्मीळतेपुढे दर्जा दुय्यम ठरतो. उत्तरकाळातली दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, शिवराई मुबलक मिळते. ती ठसठशीत असली तरी स्वस्तच. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन मात्र झिजलेला असला तरी मोठी किंमत आणतो.

देव्हाऱ्यातली नाणी सणासुदीला चिंचेने घासायची रीत संग्राहकाच्या दृष्टीने घातकच. तांब्यावर चढलेला जुना तपकिरी थर गेला की भाव पडतो, आणि तो थर पुन्हा खरेपणाने चढवता येत नाही.