रोहिणीच्या भिंतीत काय चालले आहे?



थोड्याफार फरकाने एक हकीकत आपण सर्वांनीच ऐकलेली असते. पन्नाशीच्या घरातील एक गृहस्थ छातीत जडपणा वाटतो म्हणून तपासणी करून घेतात. त्यांच्या हृद्‌रोहिण्यांचे, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचे, चित्र काढले जाते. मार्गात विशेष अडथळा नाही, असा निर्वाळा मिळतो. घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि काही महिन्यांतच त्या गृहस्थांना हृदयविकाराचा तीव्र झटका येतो. लोक म्हणतात, तपासणी चुकली. पुष्कळदा तपासणी चुकलेली नसते. तिला जो प्रश्न विचारला होता, त्याचे तिने बरोबर उत्तर दिलेले असते. प्रश्नच अपुरा होता. आज मला बोलायचे आहे ते या अपुऱ्या प्रश्नाविषयी, आणि तो पुरा करण्यासाठी गेल्या काही दशकांत वैद्यकाने जी धडपड केली तिच्याविषयी.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. फेलिक्स मार्चंड या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याला नाव दिले ते दोन ग्रीक शब्द जोडून. एकाचा अर्थ पेज किंवा लापशी, दुसऱ्याचा अर्थ काठिण्य. मराठी परिभाषेत याला रोहिणी-विलेपी विकार असे म्हणतात. आणि आयुर्वेदातही दाट पेजेला विलेपी असेच नाव आहे. रोहिणीच्या भिंतीत साचणाऱ्या या साठ्याला आपण विलेप म्हणू. हा रोग केवळ आधुनिक राहणीची देणगी आहे असे मानण्याचे कारण नाही. इजिप्त, पेरू इत्यादी प्रदेशांतील १३७ प्राचीन मृतदेहांची सीटी यंत्राने केलेली तपासणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४७ देहांत, म्हणजे सुमारे एकतृतीयांशांत, या विकाराच्या खुणा निश्चितपणे किंवा बहुतांशी निश्चितपणे आढळल्या.

विलेप तयार होतो तो भिंतीच्या आत. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण रोहिणीच्या आतल्या नाजूक अस्तराखाली शिरतात आणि तेथे अडकून पडतात. त्यांचा निकाल लावण्यासाठी शरीराच्या संरक्षक पेशी तेथे धावून येतात. या महाभक्षी पेशी ते कण गिळतात, मेदाने फुगतात आणि अखेर तेथेच मरून पडतात. मेलेल्या पेशी व मेद यांचा एक मऊ गाभा तयार होतो आणि त्यावर तंतुमय ऊतीचे टोपण बसते. हे टोपण जाड व मजबूत असेल तर माणूस वर्षानुवर्षे विनातक्रार जगतो. परंतु आतील शोथ धगधगत राहिला, तर महाभक्षी पेशींनी सोडलेली विकरे हे टोपण आतून कुरतडू लागतात. फुटलेल्या विलेपांचे टोपण सामान्यतः मिलिमीटरच्या पंधराव्या भागापेक्षाही पातळ असते, असे शवविच्छेदनावरून आढळले आहे. ते फाटले की गाभ्याचा रक्ताशी संबंध येतो, रक्ताची गुठळी बनते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडू शकते.

आता चित्रांकडे वळू. एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बन येथे मेंदूच्या रोहिण्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडून त्यांची चित्रे घेतली. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या नीलेतून हृदयापर्यंत नळी सरकवली व त्या स्थितीत स्वतःचे क्ष-किरण चित्र काढून घेतले. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स तपासणी करीत असताना नळीचे टोक अनपेक्षितपणे हृद्‌रोहिणीच्या मुखात गेले आणि द्रव्य थेट त्या वाहिनीत उतरले. या अपघातातून हृद्‌रोहिण्यांचे चित्रण जन्माला आले. त्याने असंख्य प्राण वाचविले आहेत, हे निःसंशय.

तथापि या चित्रात दिसतो तो वाहिनीचा पोकळ मार्ग. भिंत दिसत नाही. कालव्यातून पाणी भरभरून वाहते आहे, एवढ्यावरून त्याच्या भरावाला आतून भेगा गेलेल्या नाहीत असे ठरत नाही. १९८७ मध्ये सीमूर ग्लॅगॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, विलेप वाढू लागला म्हणजे रोहिणी बाहेरच्या बाजूस फुगते आणि आतला मार्ग बराच काळ पूर्ववत राहतो. भिंतीच्या आतील क्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग विलेपाने व्यापल्यानंतरच मार्ग अरुंद होऊ लागतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झटका येण्यापूर्वी चित्रण झालेले २९ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी १९ जणांत, पुढे जी वाहिनी बंद पडली तिच्यातील अडथळा आधीच्या चित्रात निम्म्याहूनही कमी होता. आमच्या त्या गृहस्थांचे कोडे येथे बरेचसे उलगडते.

म्हणून प्रश्न बदलावा लागला. 'मार्ग किती अरुंद आहे?' याच्या जोडीला 'भिंतीत काय चालले आहे?' असे विचारणे भाग पडले. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे दोन प्रकारच्या यंत्रांनी दिली. पहिला प्रकार रचना दाखविणारा. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले छेदचित्र काढले. तेच आजचे सीटी. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा काढण्याची रीत मांडली; ती आपण एमआरआय या नावाने ओळखतो. सीटीने वाहिनीचा आकार व तीतील कॅल्शियम उत्तम दिसते. चुंबकीय चित्रात मेद, तंतू व रक्तस्राव यांतील भेद कळतो.

दुसरा प्रकार क्रिया दाखविणारा. काही किरणोत्सर्गी अणू पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युत्‌भाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर टाकतात. जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघांचाही लय होतो आणि त्या ठिकाणाहून गॅमा किरणांचे दोन कण जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. शरीराभोवतीच्या कड्यातील शोधकांना दोन्ही कण एकाच क्षणी मिळाले, की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठे तरी तो अणू होता हे समजते. अशा लक्षावधी रेषांवरून संगणक चित्र तयार करतो. या पद्धतीचे नाव पेट. फ्लोरीन-१८ हा यातील फार उपयोगी अणू. त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. तो जोडलेली एक प्रकारची साखर, फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज, १९७६ मध्ये प्रथम माणसाला टोचण्यात आली. ज्या पेशी अधिक साखर खातात त्या या चित्रात उजळतात. मेंदूच्या अभ्यासासाठी तयार झालेले हे द्रव्य पुढे कर्करोगाच्या शोधात अनमोल ठरले. महाभक्षी पेशीही साखरेच्या मोठ्या भोक्त्या आहेत, त्यामुळे धगधगणारा विलेपही त्यात दिसावा, अशी आशा निर्माण झाली.

अडचण होती ती पत्त्याची. पेटच्या चित्रात उजळ ठिपका दिसतो. पण तो नेमका कोणत्या वाहिनीत आहे, की शेजारच्या स्नायूत, हे कळत नाही. सीटीमध्ये पत्ता बिनचूक असतो. पण घरात कोणी जागे आहे की नाही ते कळत नाही. दोन्ही चित्रे वेगवेगळ्या वेळी काढून एकमेकींवर बसवावीत, तर रुग्णाने मान थोडी वळविली तरी जुळणी बिघडते. यावर डेव्हिड टाउनसेंड व रॉनल्ड नट यांनी उपाय काढला. त्यांनी दोन्ही यंत्रे एका सांगाड्यात बसविली व रुग्णाला एकाच मंचकावरून दोहोंतून नेले. असे पहिले यंत्र १९९८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे काम करू लागले. पेट व चुंबकीय चित्रण एकाच वेळी करणारी संपूर्ण शरीराची यंत्रे २०१० च्या सुमारास आली. संकरित बियाणे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. हा यंत्रांचा संकर आहे.

रोहिण्यांच्या बाबतीत पहिला महत्त्वाचा पुरावा २००२ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजहून आला. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणकाल खंडित झाल्याची लक्षणे असलेल्या आठ रुग्णांच्या मानेतील रोहिण्या तपासल्या गेल्या. लक्षणांना कारण झालेल्या विलेपात दुसऱ्या बाजूच्या विलेपापेक्षा साखरेचे ग्रहण सरासरीने २७ टक्के अधिक आढळले. शस्त्रक्रियेने काढलेल्या विलेपांत ती साखर महाभक्षी पेशींच्याच वस्तीत साचल्याचेही दिसले. जपानमध्ये २००६ साली ४३ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात, तीन महिने सिम्वास्टॅटिन हे औषध घेणाऱ्यांच्या विलेपांतील हे ग्रहण कमी झाल्याचे आढळले. केवळ आहार बदललेल्या गटात तसा फरक पडला नाही. भिंतीतील आग औषधाने निवते, हे जिवंत माणसात पाहता आले, ही लहान गोष्ट नव्हे.

हृदयापाशी मात्र मार्ग बिकट आहे. हृद्‌रोहिणीची रुंदी तीन-चार मिलिमीटर आणि पेटला चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सहसा दिसत नाही. शिवाय वाहिनी ठोक्यागणिक व श्वासागणिक हलत असते; आणि हृदयाचा स्नायू स्वतःच साखर खात असल्यामुळे त्याच्या प्रकाशात शेजारच्या वाहिनीचा ठिपका बुडून जातो. एडिंबरो येथील संशोधकांनी तेव्हा जुनेच एक द्रव्य नव्या कामाला लावले. फ्लोरीन-१८ असलेले सोडियम फ्लोराइड १९६२ पासून हाडांच्या चित्रणासाठी ठाऊक होते. हृदयाचा स्नायू ते घेत नाही. विलेपात नुकतेच जमू लागलेले कॅल्शियमचे सूक्ष्म कण मात्र ते आपल्याकडे ओढतात. सीटीत दिसणारे कॅल्शियमचे मोठे खडे हे पुष्कळदा जुन्या जखमेचे वण असतात. फ्लोराइड दाखविते ती चालू असलेली प्रक्रिया. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात झटका येऊन गेलेल्या ४० रुग्णांपैकी ३७ जणांत फ्लोराइडचे सर्वाधिक ग्रहण नेमके झटक्यास कारण झालेल्या विलेपातच आढळले.

येथवर ऐकून कोणासही वाटेल की प्रश्न सुटला. परंतु झटका आल्यानंतर दोषी विलेप ओळखणे वेगळे आणि येण्यापूर्वी तो हेरणे वेगळे. २०२३ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष बाहेर आले. नुकताच झटका येऊन गेलेल्या ७०४ रुग्णांचे फ्लोराइड-चित्रण करून त्यांच्यावर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले. हृदयविकाराने मृत्यू, नवा झटका किंवा अचानक करावी लागलेली वाहिनीवरील उपाययोजना हा एकत्रित निकष लावला, तेव्हा विलेपाच्या सक्रियतेशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही. केवळ मृत्यू व झटका यांचा विचार केला तेव्हा मात्र तो दिसला: सक्रिय विलेप असलेल्या ४२१ जणांपैकी ४७ जणांना, तर नसलेल्या २८३ पैकी १९ जणांना ही आपत्ती भोगावी लागली. या आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ठिणगी दिसलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांवर त्या काळात ती वेळ आली नाही, आणि ठिणगी न दिसलेले सर्वच जण सुरक्षितही राहिले नाहीत. म्हणून ही तपासणी आज मुख्यतः संशोधनाचे साधन आहे. निरोगी माणसाने हौसेने करून घेण्याची ती गोष्ट नाही. तीत किरणोत्सर्गाची मात्रा आहे आणि खर्चही मोठा आहे.

आपल्या देशाला या विषयाचे अगत्य अधिक असावे असे मला वाटते. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ आढळले. अन्य देशांत ते ५९ च्या आसपास होते. म्हणजे संसाराच्या ऐन भरातली सहा वर्षे. मुंबईत परळ येथील विकिरण वैद्यक केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्र सुरू झाले आणि २००४ च्या अखेरीस टाटा स्मारक रुग्णालयात पेट-सीटी आले. पुढे अशी यंत्रे अनेक शहरांत बसली. त्यांच्यासमोरची रांग मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांची असते आणि ते योग्यच आहे.

मग सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? स्कॉटलंडमध्ये छातीदुखीच्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे उत्तर २०१८ मध्ये मिळाले. नेहमीच्या तपासणीला हृद्‌रोहिण्यांच्या साध्या सीटीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृद्‌रोहिणी-विकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के होते; इतरांत ते ३.९ टक्के होते. चित्राने कोणाचीही वाहिनी साफ केली नव्हती. विलेप दिसल्यामुळे डॉक्टरांनी योग्य औषधे वेळेवर सुरू केली आणि अधिक रुग्ण ती घेऊ लागले, हे या फरकाचे मुख्य कारण मानले जाते. तंबाखू सोडणे, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे यांनी भिंतीतील शोथ कमी होण्यास मदत होते. त्यासाठी ती आग डोळ्यांनी पाहावीच लागते असे नाही. ज्या दिवशी संकरित चित्रण कोणाला अधिक कडक उपचार हवेत आणि कोणाला ते नकोत हे खात्रीने सांगू लागेल, त्या दिवशी त्याचे चीज होईल. तोवर 'मार्ग मोकळा आहे' हे शब्द कानी पडले, तर आनंद जरूर मानावा. परंतु डॉक्टरांना पुढचा प्रश्नही विचारावा, की भिंतीचे काय?