एक ओळ, हजार कॉम्प्युटर

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण ऑफिसचा लॅपटॉप वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. आणि ज्यांना आयटी सपोर्टमध्ये करिअर करायचंय, त्यांनी तर शेवटपर्यंत ऐका.

मी एका कंपनीत सिस्टीम ॲडमिन आहे. माझ्याकडे सारखी येणारी एक मागणी सांगतो. "अरे, तेवढं हे एक्स्टेन्शन सगळ्यांच्या क्रोममध्ये टाकून दे ना." कधी पासवर्ड मॅनेजर असतो, कधी मीटिंगच्या नोट्स काढणारं काहीतरी, कधी स्पेलिंग तपासणारं. ऐकायला किरकोळ काम वाटतं. आणि खरं सांगू का, करायलाही ते किरकोळच आहे. मला भीती वाटते ती त्याचीच.

आधी हे होतं कसं ते बघू. हजार कॉम्प्युटर असतील तर मी हजार टेबलांपाशी जात नाही. क्रोममध्ये कंपन्यांसाठी पॉलिसी नावाची सोय आहे. त्यातल्या एका पॉलिसीचं नाव आहे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट'. प्रत्येक एक्स्टेन्शनला ३२ अक्षरांचा एक आयडी असतो, त्यात फक्त ए पासून पी पर्यंतचीच अक्षरं येतात. तो आयडी त्या यादीत टाकायचा, बस्स. विंडोजवर हे ग्रुप पॉलिसीने करतात, मॅकवर कॉन्फिगरेशन प्रोफाइलने, लिनक्सवर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये जेसन फाइल ठेवून. एजमध्येही जवळपास हेच चालतं, फायरफॉक्सची स्वतःची पॉलिसी फाइल असते. विंडोजची ग्रुप पॉलिसी साधारण दीड ते दोन तासांत आपोआप ताजी होते. म्हणजे मी सकाळी एक ओळ लिहिली, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू असलेल्या बहुतेक कॉम्प्युटरवर ते एक्स्टेन्शन बसलेलं असतं.

आता नीट ऐका. असं सक्तीने टाकलेलं एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही, बंदही करता येत नाही. आणि परवानग्या? तुम्ही घरी एखादं एक्स्टेन्शन टाकता तेव्हा क्रोम विचारतं, "हे सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकेल, चालेल का?" पुढे अपडेटमध्ये त्याने जास्तीची मोठी परवानगी मागितली, तर क्रोम ते थांबवतं आणि तुम्हाला पुन्हा विचारतं. सक्तीच्या एक्स्टेन्शनला मात्र हे दोन्ही प्रश्न येत नाहीत. परवानगी मिळालेलीच असते. दिली कुणी? मी दिली. हजार लोकांच्या वतीने.

सोसायटीच्या भाषेत सांगतो. पेस्ट कंट्रोलवाल्याला सेक्रेटरीने सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या देऊन टाकल्या, असं समजा. माणूस चांगला आहे, मान्य. पण उद्या त्याने धंदा दुसऱ्याला विकला तर? किल्ल्याही त्याच्याकडे गेल्या ना!

हे काल्पनिक नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं. २०२० मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात मालवेअर असल्याचं सांगून गूगलने ते हटवलं.

दुसरं उदाहरण 'सायबरहेवन'चं. ही कंपनी स्वतःच डेटा चोरीला जाऊ नये म्हणून एक्स्टेन्शन बनवते, म्हणजे कुंपणच म्हणा ना! २४ डिसेंबर २०२४ ला तिच्या एका कर्मचाऱ्याला ईमेल आला, क्रोम वेब स्टोअरकडून आल्यासारखा दिसणारा. त्या खात्याला दुहेरी पडताळणी होती. पण गूगलच्याच परवानगीच्या पानावर एका बनावट ॲपला होकार दिला गेला, आणि दुहेरी पडताळणी आडवी आलीच नाही. नाताळच्या दिवशी हल्लेखोरांनी बिघडवलेली नवी आवृत्ती स्टोअरवर चढवली. कळल्यावर कंपनीने तासाभरात ती काढली, पण तोवर जवळपास एक दिवस उलटला होता. वापरणारे सुमारे ४ लाख. त्या काळात ज्यांचे ब्राउझर चालू होते, त्यांच्याकडे अपडेट गुपचूप पोचू शकत होतं. हल्लेखोरांचा डोळा होता फेसबुकच्या जाहिरात खात्यांवर.

यात ॲडमिनने नवीन काहीच केलेलं नसतं, लक्षात घ्या. ओळ तीच, आयडी तोच. आतला माल बदलला.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पहिली गोष्ट, दार आधी बंद. ब्लॉकलिस्टमध्ये फक्त एक तारा टाकला की सगळी एक्स्टेन्शन्स अडतात, आधी टाकलेलीसुद्धा. मग जी खरंच लागतात ती अलाउलिस्टमध्ये घ्यायची. पण हे करण्याआधी लोक काय वापरतात ते विचारा, नाहीतर सोमवारी सकाळी अकाउंट्सवाले तुमच्या टेबलापाशी उभे असतील!

दुसरी गोष्ट, 'चालेल' आणि 'सक्ती' यांत फरक करा. एखाद्या टीमला काही हवंय? अलाउलिस्टमध्ये घ्या, ज्याला पाहिजे तो टाकेल. सक्ती फक्त तिथे, जिथे ते नसेल तर काम किंवा सुरक्षा अडते. माझी सक्तीची यादी एका हाताच्या बोटांवर मोजता येते.

तिसरी, 'एक्स्टेन्शन सेटिंग्ज' नावाची पॉलिसी शिकून घ्या. एखादं एक्स्टेन्शन कोणत्या साइटवर चालायचंच नाही, हे त्यात लिहिता येतं. बँक आणि पगाराची साइट मी त्यात आधी टाकतो. कोणत्या परवानग्या मिळणारच नाहीत, तेही ठरवता येतं.

चौथी, आधी दहा मशीन, मग एक विभाग, मग सगळे. आणि दर तीन महिन्यांनी यादी उघडून विचारा, हे अजून लागतं का? याचा मालक तोच आहे का?

आता जे ॲडमिन नाहीत त्यांच्यासाठी. ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" अशा अर्थाची ओळ दिसते का बघा. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं इंग्रजीत टाइप केलंत की लागू असलेल्या पॉलिसींची यादीच समोर येते. त्यात लपवाछपवी नाही. आणि हो, पॉलिसी अख्ख्या मशीनला लावलेली असेल तर तुम्ही तिथे स्वतःच्या जीमेलचं वेगळं प्रोफाइल उघडलं, तरी ती तिथेही लागू होते. म्हणून बँक, डॉक्टरचे रिपोर्ट, नवीन नोकरीचे अर्ज हे सगळं स्वतःच्या फोनवर करा. अँड्रॉइड फोनच्या क्रोममध्ये ही एक्स्टेन्शन्स चालतच नाहीत.

आणि तुमच्या ॲडमिनला विचारायला लाजू नका, की हे एक्स्टेन्शन का टाकलंय आणि ते काय वाचतं? मला कुणी असं विचारलं की मी चिडत नाही. उत्तर माझ्याकडे असायलाच हवं, कारण तुमच्या वतीने 'हो' मी म्हटलंय.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या लॅपटॉपच्या यादीत काय सापडलं ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!