पोच आणि सही

तलाठी सज्जांतून, पंचायतींतून, कालव्यांच्या चौक्यांतून आज माळेगाव बुद्रुकला जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सकाळी येताना शिवनगरला कारखान्याच्या काट्यापाशी थोडा वेळ थांबलो. उसाची एक बैलगाडी काट्यावर चढली, वजन झालं, पावती बाहेर आली. गाडीवानानं ती उजेडाकडे धरून वाचली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि मगच बैलांना हाक दिली. उद्या वजनात तफावत निघाली तर तो ही पावती घेऊन येईल. ‘तू ऊस आणला होतास कधी?’ असं त्याला कुणी विचारू शकणार नाही. हाच माणूस आपल्याकडे वारसनोंदीचा अर्ज देऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या खिशात काय असतं?

पोच असावी, असं कायदा सांगतो. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानं अर्जाला क्रमांक, मिळाल्याची तारीख आणि सेवेची मुदत दिली. मुदत टळली तर अपील, आणि सबळ कारणाशिवाय दिरंगाई झाली तर ५०० ते ५००० रुपयांपर्यंत शास्ती. त्याच्या दहा वर्षं आधीचा २००५चा कायदा, ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, तो सांगतो की साधी फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तरतुदी पुरेशा आहेत. तरीही माणसं खेटे घालतात. असं का होतं, हे मला माझ्याच टेबलावर कळलं.

नोकरीच्या मधल्या काळात, एका कार्यालयात, एक विधवा बाई माझ्याकडे येत असे. नवऱ्याच्या नावची जमीन तिच्या आणि मुलांच्या नावावर व्हायची होती. कागद पुरे होते. दर खेपेला ती पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मृत्यूचा दाखला काढायची आणि टेबलावर ठेवायची, जणू मी तो पहिल्यांदाच पाहतोय. फाईल माझ्याकडेच होती. वरून शेरा आला होता, ‘चर्चा करावी’. खाली सही नव्हती, तारीख नव्हती. मी चर्चेला गेलो तेव्हा तोंडी सांगण्यात आलं, ‘तूर्त राहू द्या.’ मी राहू दिली. ‘का राहू द्यायची, हे फाईलवर लिहून द्या,’ एवढं म्हणण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. पुढे चौकशी झाली तेव्हा फाईलवर एकच नाव सापडलं, माझं. शिक्षा झाली, ती मला मान्य होती. पण त्या बाईचं एक पेरणीचं वर्ष गेलं. तिच्या नावावर सातबारा नव्हता म्हणून तिला सोसायटीचं पीककर्ज मिळालं नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की उत्तरदायित्वाला सगळ्यात मोठं भोक पडतं ते तोंडी आदेशामुळे. कुठल्याही कालव्यावरच्या पाटकऱ्याला विचारा. रात्री फोन येतो, ‘अमक्याचं दार उघड.’ उघडलं तर शेवटच्या शेतकऱ्याची पाळी बुडते, नाही उघडलं तर बदलीची धास्ती. सकाळी शिव्या खायला पाटकरी एकटा असतो. फोन करणाऱ्याचं नाव पाळीपत्रकात कुठेच नसतं.

आपल्याच १९७९च्या वर्तणूक नियमांत लिहिलेलं आहे की वरिष्ठांचे निर्देश शक्यतो लेखी घ्यावेत, आणि ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. तोंडी हुकमावर कारभार चालू लागला तर माहितीच्या अधिकारालाही अर्थ उरत नाही. जे कागदावरच नाही ते नागरिकानं मागायचं कसं?

लेखी कारभाराची ही शिस्त आपल्या मातीला नवी नाही. १६७५ साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. जंजिऱ्याच्या मोहिमेवरच्या आरमारासाठी पेशव्यांनी त्याच्या सुभ्यावर पैशाच्या आणि धान्याच्या वराता दिल्या होत्या. त्यानं काहीच पोचवलं नाही. महाराजांनी त्याला ज्या शब्दांत फैलावर घेतलं ते वाचताना आजही छाती धडधडते. जातीचा मुलाहिजा होणार नाही, हेही स्पष्ट सुनावलं. पण असा जाब विचारता आला, कारण वराता कागदावर होत्या. काय द्यायचं, कुणाला द्यायचं आणि कुणी द्यायचं, हे ठरलेलं होतं.

आपल्या काळातही ज्यांनी कार्यालयं सुधारली त्यांनी आधी दप्तराला हात घातला. अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना टेबलांची आणि कागदांची मांडणीच बदलली. पुण्यात चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’चा आग्रह धरला. दप्तराचे सहा गठ्ठे लावताना कपाटांतून काय काय निघतं, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. गठ्ठे लागले की कुठला कागद कुणाकडे आणि कधीपासून आहे, हे पाहणाऱ्याला दिसतं. ज्या साहेबानं वर्षभरात एकदाही कार्यविवरण नोंदवही तपासली नाही, त्यानं लिपिकाला नोटीस देण्याआधी त्या नोंदवहीवर स्वतःची सही शोधावी, असं मला वाटतं.

आजच्या ठरावांत जुनी पेन्शन आहे, रिक्त पदं आहेत, पदोन्नती आहे. मार्च २०२३च्या संपात आपण सगळे एकत्र उतरलो होतो. ती ताकद मला आणखी एका कामासाठी हवी आहे. म्हणून अध्यक्ष या नात्यानं एक ठराव मांडतो. आपल्यातला प्रत्येक जण हातात आलेल्या अर्जाची तारखेसह पोच त्याच क्षणी देईल. आणि तोंडी आदेशाला लेखी दुजोरा मागितला म्हणून ज्या सहकाऱ्याची बदली होईल, त्याच्या पाठीशी संघटना उभी राहील, मग तो शिपाई असो, पाटकरी असो की अव्वल कारकून.

सूचक म्हणून मी सही केली आहे. खाली अनुमोदकाची जागा मोकळी आहे.