रात्रीचे विचार आणि हरवलेली झोप
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची, तपासण्यांची आणि नव्या यंत्रसामग्रीची नोंद होते. झोप न येणाऱ्या माणसाची नोंद बहुधा कोठेच होत नाही. तो बाह्यरुग्ण विभागात येतो तो डोकेदुखी, पित्त किंवा रक्तदाबाची तक्रार घेऊन, आणि तपासणी आटोपून निघताना, दाराशी पोहोचल्यावर विचारतो, “डॉक्टर, झोपेची एखादी गोळी द्याल का?” दाराशी उच्चारल्या जाणाऱ्या या वाक्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

शीव कोळीवाड्याला जागरण नवे नाही. मासेमारीवर जगणाऱ्या कोळी बांधवांची झोप भरती-ओहोटीने ठरे, आणि भरतीची वेळ तर रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. १९४७च्या फाळणीनंतर येथे आलेल्या सिंधी-पंजाबी निर्वासितांनी घरदार गमावल्याच्या आठवणींत रात्री काढल्या. शेजारच्या लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या रात्रपाळ्या चालत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि रात्रपाळीऐवजी उद्याच्या चिंतेने घरे जागी राहू लागली. कामासाठी जागणे आणि काळजीने जागणे यांतला भेद या परिसराइतका क्वचितच कोणास ठाऊक असेल.

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. आजचे शास्त्र त्याच निद्रेची यंत्रणा उलगडून दाखवते. दिवसभर जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. शरीरातील घड्याळ या ओढीस वेळेची शिस्त लावते. मग अंथरुणावर पडताच विचारांची गर्दी का होते? दिवसा कामाच्या धबडग्यात जे विचार मागे सारलेले असतात, त्यांना रात्रीच्या शांततेत प्रथमच वाट मिळते. मुलीचे लग्न, घराचा हप्ता, उद्याचा तपासणी-अहवाल हे सारे एकामागून एक उभे राहते. त्यात ‘आता झोपलेच पाहिजे’ हा हट्ट मिसळला की झोप आणखी दूर जाते. असे काही आठवडे चालले म्हणजे अंथरूण दिसताच मन सावध होऊ लागते. मूळ काळजी मिटली तरी ही सवय मागे उरते.

ही सवय मोडता येते, हे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२मध्ये एक साधी पद्धत मांडली. झोप आली तरच अंथरुणावर जावे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटल्यास उठावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे. घड्याळाकडे मात्र पाहत राहू नये. या पद्धतीस विचारांची जुळणी बदलणाऱ्या समुपदेशनाची जोड मिळून जी उपचारपद्धती तयार झाली, तिलाच दीर्घकालीन निद्रानाशात प्रथम पसंती द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६मध्ये केली.

परंतु पाश्चात्त्य पुस्तकात ‘उठून दुसऱ्या खोलीत जावे’ असे लिहिलेले असते. एका खोलीत पाच माणसे निजत असतील तर जावे कोठे? आम्ही सांगतो, खोली बदलता येत नसेल तर निदान जागा बदला. अंथरुणावरून उठून भिंतीशी, खिडकीशी किंवा गॅलरीत स्टूलावर बसा. दिवा मंद ठेवा, जपमाळ ओढा, एखादे परिचित पुस्तक चाळा. मोबाइल मात्र नको. दिवसा त्याच चटईवर पडून दूरदर्शन पाहण्याचे टाळा. चहा दुपारनंतर बंद करा, कारण त्यातील कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यासच सुमारे पाच तास लागतात.

विचारांसाठी वही हा उत्तम उपाय आहे. निजण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याची कामे लिहून काढावीत. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१८च्या एका प्रयोगात, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा करावयाची कामे लिहिणाऱ्यांना लवकर झोप लागली. प्रयोग ५७ तरुणांपुरताच होता, तथापि वहीस खर्च नाही आणि अपायही नाही. ज्या काळजीवर रात्री दोन वाजता काहीच करता येत नाही, तिच्यापुढे ‘सकाळी अकरा’ असे लिहावे आणि सकाळी अकराला तिच्याकडे खरोखर पाहावे.

गोळीविषयी स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. काही वेळा, थोड्या दिवसांसाठी, वैद्यकीय देखरेखीखाली ती उपयोगी पडते. परंतु शेजाऱ्याची गोळी घेणे किंवा जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच आणणे धोक्याचे आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय जडते, वृद्धांचा तोल जाऊन ते पडतात, आणि गोळी एकाएकी बंद केल्यास त्रास बळावतो. म्हणून ती सुरू करणे आणि सोडणे, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

घरच्यांनीही काही खुणा ओळखाव्यात. मोठ्याने घोरताना श्वास अडणे, पहाटे जाग येऊन मन उदास होणे, किंवा अजिबात झोप नसताना विलक्षण उत्साह वाटणे, ही वेगळ्या आजारांची लक्षणे असू शकतात. जगणे नको असे कोणी बोलू लागल्यास सकाळची वाट पाहू नये. २०२२पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही उपलब्ध असतो.

अखेर देणगीदारांना एक विनंती. यंत्रावर आपले नाव कोरता येते. समुपदेशकाने एका रुग्णासाठी दिलेल्या अर्ध्या तासावर ते कोरता येत नाही. तरीही तो अर्धा तास कुणीतरी उचलून धरावा लागतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांकडेही आपले लक्ष असावे. रुग्ण बरा होऊन घरी जातो, तेव्हा त्यांची झोप पुष्कळदा येथेच राहिलेली असते. त्यांची विचारपूस हीदेखील रुग्णसेवाच आहे, असे आम्ही मानतो.