ज्ञानदानाची नवी वाट



दहावीनंतर अनेक घरांत मुलगा दुकानी बसतो, मुलगी घरी राहते. शिष्यवृत्ती मात्र पदवीसाठीच राखलेली असते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने संगणक गावोगाव नेला. आयटीआयमधील स्थापत्य आरेखकाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचाच आहे. बालशिक्षणाची गंगोत्री तर आपल्या शेजारीच! ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस कार्य आरंभिले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार कोसबाडला अनुताई वाघ यांनी पुढे नेला. तोच विचार आपणही अंगीकारावा. सुवर्णमहोत्सवी निधीतील एक वाटा अशा अभ्यासक्रमांच्या शुल्कासाठी राखावा, ही नम्र विनंती.